व्हिव्हेशस, इबुलियंट की इग्झ्यूबरंट? मानपत्रात कोणता शब्द लिहावा

गेल्या आठवड्यात एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. मी साताऱ्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते, त्यामुळे शिफारसपत्रं, मानपत्रं, लग्नाचे बायोडेटा असं सगळं लोक माझ्याकडे तपासायला पाठवतात. हिच्या ऑफिसातल्या डिस्पॅच विभागातल्या एक ताई या महिन्यात निवृत्त होतायत. साहेब मंडळी सगळ्या प्रांतांतली, म्हणून मानपत्र इंग्रजीत. पहिलंच वाक्य तिनं वाचून दाखवलं. त्यात ताईंना एका दमात तीन विशेषणं लावली होती: व्हिव्हेशस, इबुलियंट आणि इग्झ्यूबरंट.

"मॅडम, तिन्हीचा अर्थ उत्साहीच ना? मग एकच ठेवायचं तर कुठलं ठेवू?"

इंग्रजी-मराठी कोशात खरंच तिन्हींसमोर थोड्याफार फरकानं उत्साही, चैतन्यपूर्ण, आनंदी असंच सापडतं. तरीही हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. प्रत्येकाच्या पोटात एक जुनं चित्र आहे आणि शेकडो वर्षांनंतरही शब्द कुणाला शोभेल ते त्या चित्रावरच ठरतं. गंमत म्हणजे ही चित्रं आपल्याला परकी नाहीत. मराठीत ती अजून रोज वापरात आहेत.

मी तिला आधी विचारलं, ताई कशा आहेत ते सांग. ती सांगायला लागली. साडेआठच्या ठोक्याला येतात. कुरियरच्या प्रत्येक पोराला नावानं हाक मारतात, त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं का ते विचारतात. नवरात्रात कॅन्टीनची टेबलं बाजूला सारून पाटावर हत्ती काढतात आणि अकाउंट्सच्या गंभीर बायकांनासुद्धा भोंडल्याच्या फेरात ओढतात. आवाज फार मोठा नाही, पण बोलताना डोळे, हात, मान सगळं बोलतं. "आणि मॅडम, एकतीस वर्षं अशाच आहेत म्हणे. पहिल्या दिवशी होत्या तशाच."

हे शेवटचं वाक्य मी कागदावर लिहून ठेवलं.

व्हिव्हेशस: जीव असलेला शब्द

लॅटिनमध्ये जगणं म्हणजे 'वीवेरे' आणि जिवंत म्हणजे 'वीवुस'. आपला 'जीव' आणि हा 'वीवुस' सख्खी भावंडं आहेत. एकाच प्राचीन धातूपासून दोघे निघाले, वाटेत आवाज बदलत गेले, म्हणून आज कानाला नातं लागत नाही. इंग्रजीतला 'क्विक' हाही त्यांचाच भाऊ. त्याचा मूळ अर्थ जलद असा नव्हताच, जिवंत असा होता. नख खूप आत कापलं की जो कोवळा भाग दुखतो, त्याला इंग्रजीत अजून क्विक म्हणतात. आपण त्याला जिव्हाळी म्हणतो. घाव जिव्हाळी लागला असं आपण म्हणतो, तेव्हा इंग्रज माणूसही घाव क्विकपर्यंत गेला असंच म्हणतो. मला ही जोडी पहिल्यांदा कळली तेव्हा मी वर्गात तास थांबवून मुलांना सांगितली होती.

'वीवेरे'पासून लॅटिनमध्ये 'वीवाक्स' असं विशेषण झालं. त्याचे अर्थ दोन: एक चैतन्यानं भरलेला आणि दुसरा दीर्घायुषी. म्हणजे आपला चिरंजीवच. रोमन कवी ओव्हिडनं कुमाईच्या सिबिलेला, त्या म्हाताऱ्या भविष्य सांगणारीला, हेच विशेषण लावलंय. तिची कथा अशी, की अपोलोकडे तिनं मुठीतल्या धुळीच्या कणांइतकी वर्षं मागितली, पण तारुण्य मागायचं विसरली. हजार वर्षांचं आयुष्य मिळालं आणि देह आक्रसत गेला. अशा बाईला ओव्हिड 'वीवाक्स' म्हणतो तेव्हा ती खेळकर आहे असं त्याला म्हणायचं नाही. ती जगत राहिली आहे, एवढंच.

१७व्या शतकात हा शब्द व्हिव्हेशस होऊन इंग्रजीत आला, तेव्हा दीर्घायुषी हा अर्थही काही काळ सोबत होता. पुढे तो गळला आणि खेळकर, बोलका, चेहऱ्यावर सतत जीव नाचणारा हा अर्थ उरला.

मूळ लॅटिन शब्द मात्र आपल्या घरात वेगळ्याच वाटेनं येतो. पावसाळ्यात ताप आला आणि रक्ताच्या रिपोर्टवर 'व्हायव्हॅक्स पॉझिटिव्ह' असं लिहून आलं की तो हाच शब्द. मलेरियाच्या या परजीवीला १८९० मध्ये ग्रासी आणि फेलेत्ती या इटालियन शास्त्रज्ञांनी हे नाव दिलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली तो फार चपळपणे हलताना दिसायचा. दुसरा अर्थही याला लागू पडतो हे पुढे खूप वर्षांनी कळलं. तो यकृतात महिनोन् महिने झोपून राहतो आणि परत उठतो, म्हणून डॉक्टर चौदा दिवसांच्या गोळ्या पुऱ्या करायला सांगतात. आणि तोंडी परीक्षेला आपण जे व्हायवा म्हणतो, तेही याच घरातलं. पूर्ण शब्दप्रयोग 'व्हायवा व्होसी', म्हणजे जिवंत आवाजानं. कागदावर न लिहिता तोंडानं बोलून दिलेली परीक्षा.

आता वापराकडे येते. व्हिव्हेशस हा माणसाचा स्वभाव सांगतो, एका दिवसाची मनःस्थिती सांगत नाही. कुणी लॉटरी लागली म्हणून संध्याकाळपुरतं व्हिव्हेशस होत नाही. हा शब्द प्रामुख्यानं बोलण्यातला, चेहऱ्यातला, सहवासातला जिवंतपणा दाखवतो. धावपळ, कष्ट, कामाचा उरक यांच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

एक गोष्ट मात्र आधी माहीत हवी. हा शब्द इंग्रजीत बहुतेक वेळा बायकांसाठीच वापरतात. शिकणाऱ्यांसाठीचे चांगले इंग्रजी कोश तसं स्पष्ट नोंदवतात. नोकरीच्या सुरुवातीला मी एका मुलाच्या शिफारसपत्रात तो बिनधास्त लिहिला होता. मुलगा खरोखर तसाच होता, वर्गात शिरला की वर्ग उजळायचा. पत्र वाचून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला बोलावून सांगितलं, की व्याकरण बरोबर आहे, पण परदेशातला वाचक इथे अडखळेल. मी पत्र बदललं. पुरुषांनाही हा शब्द लावायला हवा असं मला आजही मनापासून वाटतं. पण दुसऱ्याच्या प्रवेशाच्या कागदावर मी तो आग्रह धरणार नाही.

इबुलियंट: उतू जाणारं दूध

लॅटिनमध्ये 'बुल्ला' म्हणजे बुडबुडा. 'बुल्लीरे' म्हणजे बुडबुडे येणं, उकळणं. त्याला बाहेर या अर्थाचा 'ए' लागला आणि 'एबुल्लीरे' झालं: उकळून बाहेर येणं. मराठीत यासाठी एक अचूक क्रियापद आहे, उतू जाणं. आपणही म्हणतोच, 'उत्साह नुसता उतू चाललाय'. शिवाय 'मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या' हेही आहेच. इबुलियंट शिकवताना मी फळ्यावर आधी ही दोन वाक्यं लिहिते आणि मग शब्द लिहिते. मुलांना अर्थ सांगावाच लागत नाही.

बुल्लाचं कुटुंब मोठं आहे. बुडबुड्यावरून कुठल्याही गोल, फुगीर वस्तूला बुल्ला म्हणू लागले. रोमन मुलाच्या गळ्यात लहानपणी ताइतासारखी एक गोल डबी असायची, तिचं नाव बुल्ला. मुलगा मोठा झाला की ती उतरवून कुलदेवतांना वाहायची. पत्रावरच्या गोल मोहरेलाही बुल्ला म्हणत. पोपच्या आज्ञापत्राला इंग्रजीत 'बुल' म्हणतात ते त्या मोहरेवरूनच, बैलाशी त्याचा संबंध नाही. बातम्यांचं बुलेटिन त्याच मोहरेच्या वंशातलं, आणि बंदुकीची बुलेट गोल गोळीच्या. बॉइल म्हणजे उकळणं, तेही फ्रेंचमार्गे 'बुल्लीरे'चंच. बारावी सायन्सच्या मुलांना हा शब्द रसायनशास्त्रातही भेटतो. द्रावणाचा उत्कलनबिंदू किती वाढतो ते काढताना जो एब्युलिओस्कोपिक कॉन्स्टंट येतो, त्यात हीच उकळी आहे.

इंग्रजीत १६व्या शतकाच्या अखेरीस हा शब्द आला तेव्हा तो खरोखर उकळणाऱ्या द्रवाबद्दल होता. माणसाच्या उत्साहाबद्दल तो १७व्या शतकात वापरायला लागले. पण उकळीचा स्वभाव त्यानं सोडला नाही, आणि निवड करताना हेच लक्षात ठेवायला हवं. आधण आपोआप येत नाही, खाली जाळ लागतो. इबुलियंट माणसाच्या मागे बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं: सामना जिंकला, निवडणूक जिंकली, नात झाली. स्वभाव म्हणूनही हा शब्द चालतो, पण तिथेही चित्र तेच राहतं, वाफेचं, आवाजाचं, झाकण थडथडवणाऱ्या जोराचं. म्हणून इंग्रजी वृत्तपत्रांत एक ठरीव वळण दिसतं: एरवी इबुलियंट असणारा कप्तान आज मात्र गप्प होता. जाळ काढला की उकळी बसते, हे ते वाक्य गृहीतच धरतं.

उतू जाण्याबद्दल आपल्याकडे दोन्ही भावना आहेत. वास्तुशांतीला नव्या घरात दूध मुद्दाम उतू घालतात. रथसप्तमीला आमच्या अंगणात आई गोवऱ्यांवर बोळकं ठेवायची. आम्ही भोवती उकिडवे बसून वाट बघायचो. आधी कडेनं बारीक बुडबुडे, मग मध्ये साय फुगून वर यायची, क्षणभर काठाशी थांबायची आणि मग एकदम कुठल्यातरी एका बाजूनं ओघळायची, गोवरीवर चर्र व्हायचं. कुठल्या दिशेला उतू गेलं त्यावरून आई काहीबाही सांगायची. तो आनंद मला अजून आठवतो. आणि त्याच आईनं कहाणी वाचताना म्हणायचं, 'उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये'. इथे उतणं म्हणजे मर्यादा सोडणं. इंग्रजी इबुलियंटमध्ये दोषाची छटा जवळजवळ नाही, तो कौतुकाचाच शब्द आहे. पण तो भांड्याच्या काठाबाहेर गेलेला आहे, एवढं खरं. मोजूनमापून बोलणाऱ्या, पण आतून प्रसन्न असलेल्या माणसाला तो लावला तर चुकतो.

याची एक मोठी सोय म्हणजे स्त्री-पुरुष असा भेद इथे नाही. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या पत्रात मी शेवटी हाच लिहिला. उच्चारात 'बु' म्हणा किंवा 'ब' म्हणा, दोन्ही मान्य आहेत. आपल्याकडे 'एब्युलियंट' ऐकू येतं, तेवढं टाळा.

इग्झ्यूबरंट: पान्हा

तिघांत मला सर्वांत आवडतो तो हा, आणि सर्वांत जपून वापरावा असाही हाच.

लॅटिनमध्ये 'ऊबेर' म्हणजे गाईची कास. संस्कृतात कासेला 'ऊधस्' म्हणतात, ऋग्वेदात 'ऊधर्' असं रूप आहे. इंग्रजीतला 'अडर' तोच. तिन्ही शब्द एकाच गोठ्यातले. 'ऊबेर'चा अर्थ पुढे सुपीक, भरपूर असाही झाला, कारण भरलेल्या कासेइतकं भरपूर दुसरं काय असणार? त्यावरून 'एक्सूबेरारे', म्हणजे भरभरून येणं, ओसंडणं.

माझ्या आजोळी वाईजवळ गाय होती. आजी धार काढायला बसली की आधी वासरू सोडायची. ते कासेला दोन ढुशा द्यायचं, आणि मग गाय पान्हावायची. आजी ज्या सडाला हात लावायची नाही, त्यातूनही दूध थेंब थेंब ठिबकत राहायचं. चरवीत धारेचा आवाज आधी पत्र्यासारखा टणटणीत, मग भरत जाईल तसा मऊ, फेसात बुडालेला. आजी म्हणायची, हिला आवरत नाही. ते 'आवरत नाही' म्हणजेच इग्झ्यूबरंट. कुणी जाळ लावलेला नाही, बाहेरून काही घडलेलं नाही. आतच इतकं आहे की ते मावत नाही. मायेचा पान्हा फुटला असं आपण म्हणतो, त्याच जागी हा इंग्रजी शब्द उभा आहे.

इंग्रजीत हा तिघांत सर्वांत जुना, १५व्या शतकापासूनचा. सुरुवातीला तो भरभराटीबद्दल, झाडोऱ्याबद्दल होता आणि अजूनही आहे. श्रावणातल्या सह्याद्रीच्या उतारावरची हिरवळ इग्झ्यूबरंट असते. नक्षीकाम, रंगसंगती, एखाद्याची अलंकारांनी लगडलेली भाषा इग्झ्यूबरंट असते. जखम भरताना मांस गरजेपेक्षा जास्त वाढलं तर डॉक्टरही त्या वाढीला हेच विशेषण लावतात. तिथे जास्तपणा हा दोष आहे. व्हिव्हेशस तुम्ही झाडाला म्हणू शकत नाही. इबुलियंट तर नाहीच.

आणि जास्तपणाची ही छाया माणसांच्या बाबतीतही सोबत राहते. ५ डिसेंबर १९९६ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन यांनी वॉशिंग्टनमधल्या एका भाषणात शेअर बाजाराबद्दल बोलताना 'इरॅशनल इग्झ्यूबरन्स' असा शब्दप्रयोग केला. विवेक सुटलेला उत्साह. त्या वेळी टोकियोचा बाजार उघडा होता, तो सुमारे ३ टक्के पडला. इतर बाजारांतही पडझड झाली. दोन शब्दांनी एवढं झालं, कारण इग्झ्यूबरन्समध्ये आवरत नसलेली भर आहे आणि ती कुठे जाईल सांगता येत नाही, हे ऐकणाऱ्याला न सांगता समजतं.

म्हणून हा शब्द लहान मुलांना, कुत्र्याच्या पिल्लांना, विजयी मिरवणुकीला, होळीच्या रंगात माखलेल्या गल्लीला सुंदर शोभतो. नोकरीच्या किंवा उच्चशिक्षणाच्या शिफारसपत्रात मी तो लिहीत नाही. वाचणारा प्राध्यापक मनात म्हणेल, बरं आहे, पण हा प्रयोगशाळेत शांत बसेल का? लिहायचाच असेल तर माणसाला न लावता त्याच्या कल्पनाशक्तीला लावावा, तिथे तो निखळ कौतुक होतो. आणि स्पेलिंगमध्ये एक्सनंतर एच घालू नका. एग्झिबिशनच्या सवयीनं तो हमखास घुसतो.

बाकीचे जवळपासचे

एफर्व्हेसंटचाही विचार अनेक जण करतात. त्याचं मूळ लॅटिन 'फेर्वेरे', उकळणं, म्हणजे अर्थानं इबुलियंटच्या घरातलं. पण आज तो गरम राहिलेला नाही. पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी, गोटी सोड्याची बाटली, असं थंड बुडबुड्यांचं चित्र त्यात आहे. ती गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रजानं १८७२ मध्ये पेटंट केली. तिची गोटी आत ढकलताना जो आवाज होतो आणि जो फेस नाकात जातो, तेच एफर्व्हेसंट. हलकं, चमचमतं, हजरजबाबी. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालकाला छान. शोकसभेतल्या भाषणात नको, कारण बाटली उघडी राहिली की सोडा मरतो, हेही त्या चित्रातच आहे.

बबली लिहू नका. घरातल्या पोरीला लाडानं म्हणायला ठीक, पण कागदावर तो शब्द मोठ्या बाईला लहान करतो. स्प्राइटली हा ऐकायला गोड आहे, आतमध्ये स्पिरिटच आहे, पण तो आज मुख्यतः वृद्धांसाठी वापरतात. निवृत्तीच्या मानपत्रात तो लिहिला की तुम्ही ताईंना त्यांचं वय सांगताय. फीस्टीचं मूळ वास सोडणाऱ्या छोट्या कुत्र्याच्या नावात आहे. आज त्याचा अर्थ लढाऊ असा असला तरी तो बहुधा लहानखुऱ्या किंवा दुबळ्या समजल्या गेलेल्या माणसालाच लावतात. मी तो कुणालाही लावणार नाही.

दोन शब्द मात्र जास्त वापरले जावेत असं मला वाटतं. ॲनिमेटेड हा 'अनिमा'पासून, म्हणजे श्वास. आपल्या 'प्राण' शब्दात प्र आणि अन् आहे, त्यातला श्वास घेणारा 'अन्' आणि हा 'अनिमा' एकाच मुळाचे. चर्चा, गप्पा, सांगण्याची पद्धत यांच्यासाठी तो फार नेमका आहे. आणि पेपी. पेप हे पेपरचं, म्हणजे मिरीचं छोटं रूप. पेपर लॅटिनमधून, लॅटिनला ग्रीकमधून, आणि ग्रीकला आपल्याकडून मिळाला, 'पिप्पली' या नावानं. आजीबाईच्या बटव्यातली पिंपळी ती हीच. तेव्हा ढोल-ताशाच्या एखाद्या चालीला कुणी पेपी म्हटलं तर शब्द परत घरी आला असं समजायला हरकत नाही. मानपत्राला मात्र तो फार हलका आहे.

मग ताईंसाठी कुठला?

मी विद्यार्थिनीला म्हटलं, तूच बघ. ताई एखाद्या प्रसंगानं उसळतात का? ती म्हणाली, नाही, रोजच तशा असतात. म्हणजे इबुलियंट नको. त्यांना आवरत नाही असं कधी होतं का? ती थोडा विचार करून म्हणाली, भोंडल्याला होतं. खिरापत ओळखताना त्या अक्षरशः उड्या मारतात. पण एरवी काउंटरवर एक पाकीट इकडचं तिकडे होत नाही. म्हणजे इग्झ्यूबरंट हा माणसाला नको, भोंडल्याच्या वाक्यात घे. तिथे तो फेराला लाव, ताईंना लावू नकोस.

उरला व्हिव्हेशस. आणि तो नुसता उरला म्हणून घ्यायचा नाही. जिवंतपणा आणि टिकून राहणं हे दोन्ही अर्थ त्याच्या मूळ शब्दात होते. एकतीस वर्षं त्याच काउंटरवर तसंच राहिलेल्या बाईला हे दोन्ही लागतात. आजच्या इंग्रजी वाचकाला त्यातला दुसरा अर्थ ऐकू येणार नाही, म्हणून तो वाक्यात वेगळा लिहावा लागेल. विशेषणाशेजारी ३१ हा आकडा यायलाच हवा. शिवाय कुरियरच्या मुलाच्या आईचा गुडघा त्या वाक्यात आला, तर व्हिव्हेशस म्हणजे कसा जिवंतपणा, ते ऐकणाऱ्याला दिसेल. बायकांना लावायचा शब्द म्हणून त्यात जो सौंदर्याचा, तारुण्याचा हलका सूर आहे, तो इथे ताईंच्या बाजूचाच आहे. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी आपल्याला स्प्राइटली न म्हणता व्हिव्हेशस म्हणावं, यात मान आहे.

तिनं पुन्हा लिहून पाठवलं. तीन विशेषणांचं एक झालं होतं, वाक्य दोन ओळींवरून पाच ओळींवर गेलं होतं, आणि कुरियरचा मुलगा त्यात आला होता. मी फक्त एक स्वल्पविराम हलवला.

रात्री पुन्हा फोन. मानपत्र व्यासपीठावर तिलाच वाचायचं होतं आणि जीभ दोन 'व्ह'मध्ये अडकत होती. मग आम्ही दोघींनी फोनवर सराव केला. जोर मधल्या अक्षरावर, 'व्हे' लांब, शेवटचं 'शस' अगदी हलकं. दहाव्या वेळी तिला ते न थांबता जमलं.